सहल काढणाऱ्या सर-मॅडमना खुलं पत्र : यंदा एक दिवस तेरला द्या

मराठवाड्यातल्या आणि सोलापूर जिल्ह्यातल्या शाळांचे मुख्याध्यापक, सहलप्रमुख आणि इतिहास शिकवणारे सर-मॅडम,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपली की तुमच्या स्टाफरूममध्ये सहलीची चर्चा सुरू होते, एसटीचं बुकिंग, पालकांची संमतीपत्रं, कोण कुठल्या बसमध्ये बसणार, आणि मग ठिकाणांची यादी, जी बहुतेक शाळांत वर्षानुवर्षं तीच असते. तुळजापूर, नळदुर्ग, अक्कलकोट, पंढरपूर, पैसे जरा जास्त जमले तर वेरूळ, आणि शेवटी मुलांनी हट्ट धरला म्हणून एखादा वॉटर पार्क. या यादीबद्दल माझं काही भांडण नाही. नळदुर्ग तर प्रत्येक पोरानं बघावाच. पण धाराशिवपासून तासाभराच्या आत तेर नावाचं एक गाव आहे आणि तिथे रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं सरकारी पुराणवस्तू संग्रहालय आहे, ते या यादीत का नसतं हे मला खरंच कळत नाही. असलंच तर दहा मिनिटांचं असतं. गोरोबाकाकांचं दर्शन घ्यायचं, बाहेर डबे खायचे आणि वेळ उरला तर संग्रहालयातून रांग फिरवून आणायची.

ती रांग मी बघितलीये. मागच्या हिवाळ्यात मी तिथे असताना एका शाळेची सहल आली, शाळेचं नाव घेत नाही कारण सगळ्याच शाळा थोड्याफार फरकानं तेच करतात. मुलं हाताची घडी घालून एकामागे एक, काचेला हात लावू नका, बोलू नका, पुढे चला, पुढे चला. एक मुलगी शंखाच्या बांगड्यांच्या काचेपाशी थांबली आणि मागच्या मैत्रिणीला म्हणाली, 'अगं, ही माझ्या मनगटात पण नाही जायची, एवढीशी आहे.' तेवढ्यात शिट्टी वाजली. मला वाटलं की अख्ख्या सहलीतला इतिहासाचा सगळ्यात चांगला प्रश्न आत्ता इथे पडला होता आणि तो शिट्टीखाली गेला. बांगडी लहान मुलीची होती का? की तेव्हा मनगटं बारीक होती? शंख तर समुद्रातला, मग समुद्रापासून एवढ्या लांब तेरणा नदीच्या काठी तो आला कसा आणि कुणी आणला? या एका बांगडीवर अर्धा तास बोलता येतं हो.

म्हणून हे पत्र. माझं म्हणणं एवढंच की तेरला दोन-अडीच तास द्या आणि जाण्याआधी वर्गात एक तास द्या. त्या तासाला काय सांगता येईल ते मी खाली माझ्या परीनं लिहितो, तुम्हाला यातलं बरंच माहीत असेलच, नसेल तर वापरा.

सुरुवात नकाशापासून करा असं मी म्हणेन. साधारण दोन हजार वर्षांपूर्वी, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या शतकात, इजिप्तमधल्या एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली, 'पेरिप्लस' म्हणतात ती. त्याचं नाव कुणालाच माहीत नाही. त्यात तो लिहितो की बॅरिगाझा, म्हणजे आपलं भडोच, तिथून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर नावाचं फार मोठं शहर आहे. पैठणहून मौल्यवान दगड येतात आणि तगरहून साधं कापड, तलम मलमल, आणखी बऱ्याच तऱ्हेचा माल, हे सगळं गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला उतरतं. ते तगर म्हणजे आपलं तेर.

आता मुलांना नकाशा आणि पट्टी द्या. पैठण ते तेर सरळ रेषेत साधारण दीडशे किलोमीटर भरतं. दहा दिवसांत म्हणजे दिवसाला पंधरा, आणि वाट काही सरळ नसणार, तेव्हा थोडं जास्तच. माल भरलेली बैलगाडी दिवसाला एवढं जाईल का? घरी आजोबांना विचारून या म्हणावं. आणि दुसरी गंमत, पट्टी ठेवली की लक्षात येतं की तेर पैठणच्या सरळ पूर्वेला नाहीच, ते आग्नेयेला आहे. लिहिणारा स्वतः तिथवर गेला असेल असं काही वाटत नाही, बंदरावर ऐकलेलं त्यानं लिहिलं असणार. त्यामुळे तगर नेमकं कुठलं यावर विद्वानांत बरीच वर्षं वाद चालला, कुणी देवगिरी म्हणे, कुणी जुन्नर, कुणी धारूर. शेवटी १९०१ मध्ये जुन्या कोरीव लेखांचे इंग्रज अभ्यासक फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर हे पुराव्यानिशी मांडलं आणि त्याच सुमारास पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स यांनी गावात येऊन जुन्या वास्तूंची पाहणी केली. तगरचं नाव तोवर पुरतं विसरलं गेलेलं होतं असंही नाही, शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत होते, आणि त्यांचं राज्य होतं कुठं तर कोकणात, कोल्हापुरात! म्हणजे गाव सुटून पिढ्या उलटल्या तरी मूळ गावाचा तोरा काही सुटला नव्हता. हे तर आपल्याकडच्या पुण्या-मुंबईला गेलेल्या कुठल्याही पाहुण्यात बघायला मिळतं.

इथपर्यंत झालं पुस्तकातलं. आता संग्रहालयाची गोष्ट, आणि माझ्या मते मुलांना सांगायची खरी गोष्ट ही आहे.

जुन्या वस्तीच्या पांढऱ्या मातीची टेकाडं तेरच्या आसपास पसरलेली आहेत. ज्यांनी धाब्याची घरं बघितलीत त्यांना पांढरीच्या मातीचं महत्त्व सांगायला नको, घरावर टाकायला लोक ती खणून न्यायचेच. त्यात पावसाळ्यात माती धुऊन गेली की वर यायचे मणी, नाणी, मातीच्या बाहुल्यांची मुंडकी, खापरं, बांगड्यांचे तुकडे. गावाला त्याचं काय कौतुक असणार, रोजचंच ते. पोरं मण्यांनी खेळायची आणि फेकून द्यायची. याच गावातले रामलिंगप्पा लामतुरे मात्र ते गोळा करत राहिले. सरकारी नोकरी म्हणून नाही, कुणी सांगितलं म्हणून नाही. एक-दोन वर्षांची हौसही नव्हती, आयुष्यभराचा नाद होता. असं करत करत जमलेल्या वस्तूंचा आकडा तेवीस हजारांच्या वर गेला. पुढे हा संग्रह राज्य सरकारकडे आला आणि त्यांच्याच नावानं संग्रहालय उभं राहिलं. तेवीस हजार म्हणजे किती हे मुलांना कळावं म्हणून एक हिशोब सांगतो, रोज एक वस्तू मिळाली असं धरलं तरी त्रेसष्ट वर्षं लागतात.

आपल्याकडे पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय सगळ्यांना ठाऊक असतं, एका माणसानं जमवलेलं म्हणून त्याचं कौतुकही होतं आणि ते योग्यच आहे. पण तसाच माणूस मराठवाड्यातल्या एका खेड्यात होऊन गेला हे आपल्याच पोरांना माहीत नसतं. बरं, एकटे लामतुरेच नाहीत. पैठणचं सरकारी संग्रहालय बघा, तेही बाळासाहेब पाटील या तिथल्याच माणसानं जमवलेल्या वस्तूंवर उभं आहे आणि त्यांच्याच नावानं आहे. म्हणजे बघा, पेरिप्लसवाल्यानं दख्खनमधली म्हणून खास नावं घेतलेली दोन शहरं, पैठण आणि तगर, आणि दोन्ही ठिकाणचा ठेवा राखला तो त्या त्या गावातल्या एकेका माणसानं. हा योगायोग मला फार आवडतो, आणि दहावीच्या वर्गात संग्रहालयांचा धडा शिकवताना लूव्र आणि ब्रिटिश म्युझियमच्या जोडीला या दोघांचं नाव घ्यायला काहीच हरकत नसावी. ऐतिहासिक ठेव्यांचं जतन हा धडा पाठ्यपुस्तकात आहे, मुलं त्याच्या टिपा पाठ करतात, परीक्षेत लिहितात, आणि धड्यातली गोष्ट जिथे प्रत्यक्ष घडली ते गाव धाराशिवच्या पोरांना धाराशिवमध्ये असून बघायला मिळत नाही.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण हुशार मुलं विचारणारच. असं वरवर मिळालेल्या वस्तू उचलून जमवणं बरोबर का? पुरातत्त्ववाल्यांना विचाराल तर ते मान हलवतील. वस्तू जमिनीत कुठल्या थरात होती, तिच्या शेजारी काय होतं, खाली काय, वर काय, यावरून तिचं वय आणि तिची गोष्ट कळते. टेकाडावर पावसानं उघडी पडलेली बाहुली सुंदर असते पण तिचा थर हरवलेला असतो. म्हणून तेरला रीतसर उत्खननंही झाली, १९५८ मध्ये पुरातत्त्वाचे अभ्यासक चापेकर यांनी केलं, नंतरही झाली, आणि त्यातून सातवाहन काळातली वस्ती, विटांच्या स्तूपाचे अवशेष असं बरंच काही थरांसकट हाती आलं. मग लामतुरेंनी चूक केली का? माझं स्पष्ट मत आहे की नाही. त्या वस्तू थरातून आधीच सुटलेल्या होत्या, पावसानं किंवा कुदळीनं, त्यांनी उचलल्या नसत्या तर त्या नाल्यात गेल्या असत्या नाहीतर कुणाच्या तरी दिवाणखान्यात. पण आज कुणी तसं करू नये, आणि हे मुलांना तिथे उभं करूनच सांगा. जमिनीत सापडलेल्या ठेव्याचा कायदा १८७८ चा आहे, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर सरकारला कळवायचं असतं, आणि पुरावशेषांचा १९७२ चा कायदा वेगळा आहे, त्यात शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंची विक्री आणि परदेशी पाठवणं यावर बंधनं आहेत. तेरच्या टेकाडावर एखाद्या पोरानं चमकणारा मणी खिशात टाकला तर रागावू नका, तो कुठे पडला होता ते त्याला दाखवायला सांगा आणि मणी संग्रहालयातल्या लोकांकडे त्याच्याच हातानं द्यायला लावा.

संग्रहालयात नेमकं काय दाखवायचं? सगळं दाखवायचा प्रयत्न केलात तर मुलांना काहीच दिसणार नाही. मी तीन-चार गोष्टी सांगतो.

पहिली अर्थात हस्तिदंताची बाई. तेरच्या संग्रहातली सगळ्यात नावाजलेली वस्तू, उंची वीतभरही नाही, अंगावर दागिने भरपूर आणि कपडे जवळजवळ नाहीतच. इथे मुलं खुदकन हसतात आणि मॅडम घाईघाईनं पुढे नेतात. नेऊ नका. हसू दे दोन मिनिटं, मग केसांची रचना बघायला सांगा, कमरेची मेखला बघायला सांगा. आणि मग पॉम्पेईची गोष्ट सांगा. इटलीतलं पॉम्पेई शहर इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं, आणि १९३८ मध्ये तिथल्या एका घरातून हस्तिदंताची एक भारतीय बाई निघाली, अशीच दागिन्यांनी मढलेली, दोन्ही बाजूंना छोट्या दासी. सुरुवातीला तिला लक्ष्मी म्हटलं गेलं, आज ती यक्षी असावी असं म्हणणारे जास्त आहेत, ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिला वरून भोक आहे म्हणजे ती कशाची तरी मूठ किंवा पाय असणार. तेरची आणि पॉम्पेईची यांच्यातलं साम्य बघून काही अभ्यासक म्हणतात की पॉम्पेईची मूर्ती आपल्याच दख्खनी कारागिरांची. दुसरे म्हणतात, थांबा, तिच्या तळाला खरोष्ठी अक्षर आहे आणि ती लिपी वायव्येकडची, तेव्हा एवढी घाई करू नका. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही अशाच हस्तिदंती मूर्तीचा तुकडा मिळालाय. निकाल लागलेला नाही, आणि तसंच मुलांना सांगा. बातम्यांत आणि व्हॉट्सॲपवर 'तेरची लक्ष्मी रोमला गेली' असं ठोकून दिलेलं असतं, ते वर्गात तसंच्या तसं सांगू नका एवढी विनंती. वाद अजून चालू आहे हे सांगितलं की वरच्या इयत्तेतली मुलं जास्त कान देऊन ऐकतात असा माझा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट, पांढऱ्या मातीच्या बाहुल्या. केओलिनच्या आहेत, पुढचा अर्धा भाग एका साच्यात, मागचा दुसऱ्या साच्यात, आणि मग दोन्ही जोडून आतून पोकळ मूर्ती. नीट बघितलं तर काहींच्या कडेला जोडाची रेघ दिसते. ती रेघ शोधायला सांगा. गणपतीचा साचा ज्यांनी बघितलाय त्या मुलांना एका क्षणात कळतं, समजावून सांगावं लागत नाही. सोबत मातीची पदकं आहेत, रोमन नाण्यांची नक्कल करून केलेली, गळ्यात अडकवायला कडी असलेली. म्हणजे खरं रोमन नाणं परवडत नाही तर मातीचं घाला, फॅशन तर होते! इमिटेशन ज्वेलरी ही काही आजची गोष्ट नाही हे ऐकून मुली खूश होतात.

तिसरी, लाकडाची चौकट. तेरच्या उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकट संग्रहालयात आणून ठेवलेली आहे. आपल्या हवेत लाकूड शेकडो वर्षं टिकणं किती अवघड, वाळवी आहे, पाऊस आहे, चूल आहे. दगडाची कोरीव कामं आपण वेरूळला बघतो, पण त्या काळातल्या लाकडी दारांचं काय झालं, त्याचं उत्तर म्हणजे बहुतेक गेलीच, आणि हे एक उरलं.

चौथी गोष्ट संग्रहालयाच्या बाहेर आहे, त्रिविक्रम मंदिर. चालत जाता येतं. बाहेरून मागच्या बाजूला फिरवून आणा, मागची भिंत गोल आहे, हत्तीच्या पाठीसारखी, आणि वर विटांचं कमानदार छप्पर. ही रचना मूळची चैत्यगृहाची, म्हणजे बौद्धांच्या प्रार्थनागृहाची, पुढचा मंडप नंतरचा, आणि आज आत त्रिविक्रम विष्णू आहेत. विटांचं एवढं जुनं बांधकाम उभं असलेलं महाराष्ट्रात दुसरं दाखवणं कठीण. इथे कुणीतरी वाद घालेल, आधी कुणाचं होतं म्हणून, तर शांतपणे सांगा की एकाच भिंतीत दोन्ही काळ उभे आहेत, दोन्ही बघा. तेरच्या जुन्या विटांपैकी काही इतक्या हलक्या आहेत की पाण्यावर तरंगतात, मातीत भुसा-तूस मिसळून भाजलं की ते जळून जातं आणि आत बारीक बारीक पोकळ्या राहतात, त्याचा हा परिणाम. विज्ञानाच्या सरांना घेऊन जा, घनतेचा धडा तिथेच होईल. पण मंदिराची वीट उचलून प्रयोग करू नका म्हणजे झालं, वीटभट्टीवरून माती आणा आणि शाळेत करा.

आणि गोरोबाकाका. तुम्ही दर्शनाला जाताच, जा. पण संग्रहालय बघून मग जा, आधी नको. दोन हजार वर्षांची गाडगी-मडकी, दिवे, बाहुल्या बघून झाल्यावर त्याच गावातल्या कुंभाराची, थापटणं घेऊन संतांची डोकी तपासणाऱ्या आणि नामदेवाला कच्चं मडकं ठरवणाऱ्या काकांची गोष्ट सांगितली की ती वेगळीच लागते. मातीकाम या गावात किती जुनं आहे ते मुलांनी नुकतंच डोळ्यांनी बघितलेलं असतं.

काही व्यवहाराच्या गोष्टी. सगळ्या बस एकदम आत सोडू नका, जागा मोठी नाही, चाळीसची बॅच करा, एक बॅच संग्रहालयात, एक त्रिविक्रमाला, एक समाधी मंदिराला, आणि फिरवा. सरकारी संग्रहालयं बहुतेक सोमवारी बंद असतात, त्यामुळे आठवडाभर आधी शाळेच्या लेटरहेडवर पत्र पाठवा आणि वर फोनही करा, तिथे कुणी माहिती सांगणारा मिळेल का हेही तेव्हाच विचारा. फोटोची परवानगी आहे की नाही ते आधी विचारून घ्या, मुलांना तर मोबाईल आणू देऊच नका, त्याऐवजी वही-पेन्सिल द्या आणि प्रत्येकानं एका वस्तूचं चित्र काढायचं, फक्त एका, कुठली ते त्याचं त्यानं ठरवायचं. चित्र काढायला बसलं की पोरगं एका काचेपुढे पंधरा मिनिटं थांबतं, एरवी पंधरा सेकंद थांबत नाही. चित्र येत नसेल तर खापरावरची नक्षी उतरवू दे.

निबंध मात्र लिहायला लावू नका, प्लीज. 'आमची सहल' हा निबंध वाचून तुम्हीही कंटाळला असाल. त्याऐवजी प्रत्येकाला एक प्रश्न लिहायला सांगा, संग्रहालयात ज्याचं उत्तर मिळालं नाही असा प्रश्न. चांगले दहा-बारा निवडून शाळेतर्फे संग्रहालयाकडे पाठवा. येईल उत्तर, नाही येईल, पण पाठवा.

तुमच्यापैकी कुणाला वर्गातल्या तासासाठी नकाशा किंवा वस्तूंची छोटी यादी तयार हवी असेल तर या पत्राखाली लिहा, मी बनवून देतो, फुकट. यंदाची ठिकाणं ठरून गेली असतील तर निदान तुळजापूरहून परतीच्या वाटेवर अर्धा दिवस बसतो का ते ड्रायव्हरला विचारून बघा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
धाराशिव जिल्ह्यातला एक पालक